काट्टु मराठी

आज मी चेन्नईतून बोलतोय, आणि चेन्नईच्याच रस्त्यावर रोज दिसणाऱ्या काही माणसांविषयी बोलणार आहे. विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात सुटीतल्या भटकंतीपासून करावी लागेल.

मे महिन्यात चेन्नईला यायचं धाडस कुणी करत नाही. इथल्या मराठी घरांत पाहुणे येतात ते दिवाळीच्या नाहीतर नाताळच्या सुटीत, आणि त्यांचा बेत ठरलेला असतो. पहिल्या दिवशी मरीना आणि मैलापूरचं कपालीश्वर, दुसऱ्या दिवशी महाबलीपुरम, तिसऱ्या दिवशी कांचीपुरम, म्हणजे थोडी देवळं आणि बऱ्याच साड्या. मग रात्रीच्या गाडीनं तंजावर. तंजावरला पोचल्यावर मराठी माणसाचा चेहराच बदलतो. बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठी शिलालेख दिसतो, सरस्वती महालात मोडीचे कागद दिसतात, आणि कालपर्यंत 'रोज काय सांबार' म्हणून कुरकुरणारे काका एकदम 'आपलं, आपलं' म्हणायला लागतात.

मला त्यात वावगं काही वाटत नाही. प्रवासाला निघताना माणूस नवं बघायला जातो असं म्हणतो खरा, पण परक्या मुलुखात आपलं काही सापडलं की त्याचं सुख वेगळंच असतं. तंजावरी मराठी मंडळी याच्या उलट प्रवास करतात. पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत राहिलेली ही माणसं नाशिक, जेजुरी, तुळजापूर करत कुलदैवत शोधतात, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून पणजोबांचं नाव काढून घेतात. मूळ शोधणं हा आता सुटीचाच एक प्रकार झालाय.

पण याच वाटेवर आणखी एक गाठ पडते, तिची दखल कुणी घेत नाही. महाबलीपुरमच्या रथांपाशी, एग्मोर स्टेशनाबाहेर, देवळांच्या गल्लीत काही बायका रंगीत मण्यांच्या माळा, सुया, कंगवे, कवड्या घेऊन बसलेल्या असतात. कडेवर मूल, अंगावर झगमगीत परकर, गळ्यात स्वतःच विकायला आणलेल्या माळा. पाहुणे हळूच विचारतात, 'हे जिप्सी ना?' आणि फोटो काढतात. इथले लोक त्यांना नरिकुरवर म्हणतात. तमिळमध्ये नरी म्हणजे कोल्हा. कोल्ह्याची शिकार करणारे कुरवर असा त्या नावाचा अर्थ. दुसरं नाव कुरुविक्कारर, म्हणजे पाखरंवाले.

त्यांचं तिसरंही एक नाव आहे आणि ते मला पुस्तकात भेटलं. एडगर थर्स्टन हे मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचे अधीक्षक होते. एग्मोरला पँथिअन रोडवरचं ते लाल इमारतींचं संग्रहालय आजही तिथंच आहे. के. रंगाचारी यांना हाताशी घेऊन थर्स्टननी दक्षिणेतल्या जातीजमातींची माहिती सात खंडांत १९०९ साली छापली. त्यात कुरुविक्कारांची नोंद उघडली, तर पहिल्याच वाक्यात ते मराठी बोलतात असं म्हटलंय. पुढे लोकांनी त्यांना दिलेल्या नावांत एक नाव आहे: काट्टु मराठी. काडु म्हणजे रान, काट्टु म्हणजे रानातले. रानमराठे! ज्यांचा फोटो आपण 'जिप्सी' म्हणून काढतो, त्यांना हे शहर शंभर वर्षांपूर्वी आपल्याच नावानं हाक मारत होतं.

आता हे खरं का, हा आजचा प्रश्न. आणि त्याचं उत्तर लगेच 'हो' म्हणून टाळ्या घ्यायचा मोह मला टाळायचाय.

आधी त्यांची स्वतःची बाजू ऐकू. आपले पूर्वज शिवाजी महाराजांच्या फौजेबरोबर दक्षिणेत आले, पुढे पराभवानंतर रानात दडले आणि शिकारीवर जगू लागले, अशी कथा त्यांच्यात सांगतात. काहींच्या कथेत फौज रजपुतांची असते. मुद्दा एकच, की आम्ही मुळात भिकारी नव्हतो, हातात शस्त्र असलेली माणसं होतो.

कथेतला काळ तरी अशक्य नाही. १६७७ साली महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर आले, जिंजी घेतली, वेल्लोरला वेढा घातला, कोळेरूनच्या काठी तिरुमळवाडीला व्यंकोजीराजांना भेटले. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये तंबू चेट्टी रस्त्यावर काळिकांबाळचं देऊळ आहे. महाराज ३ ऑक्टोबर १६७७ ला इथं दर्शनाला आले होते अशी त्या देवळाची परंपरा आहे, आणि मराठी पाहुण्यांना मी तिथं आवर्जून नेतो. ही झाली परंपरा. कागदावरची नोंद आहे ती सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या इंग्रजांची. त्याच वर्षी मे महिन्यात महाराजांचा वकील महादजीपंत पत्र घेऊन किल्ल्यात आला. मागणी काय, तर काही औषधी खडे आणि विषावरचे उतारे. कंपनीच्या मंडळींनी खडे दिले, बागेतली फळं दिली, वकिलाला कापड आणि चंदन दिलं, आणि एवढ्याशा गोष्टीचे पैसे मागणं बरं दिसणार नाही असंही लिहून ठेवलं. व्यापारी माणसानं पैसे सोडले की समजावं, समोरच्याचा वचक मोठा आहे.

पुढे १६८९ ते १६९८ राजाराम महाराज जिंजीत होते, म्हणजे स्वराज्याचा कारभारच इथून चालत होता. आणि तंजावरचं मराठी राज्य तर १८५५ पर्यंत टिकलं. अशा फौजा एकट्या चालत नाहीत. मागे बाजारबुणगे असतात, धान्याचे तांडे घेऊन बंजारे असतात, शिकार करून मांस पुरवणारे असतात, सुया आणि माळा विकणारे असतात. फौज परत फिरते, किंवा मोडते. ही माणसं तिथंच राहतात. त्यांची नावं बखरीत येत नाहीत.

इतकं सगळं जमून येतं, आणि मग त्यांची बोली साक्ष द्यायला उभी राहते. अण्णामलै विद्यापीठाचे जी. श्रीनिवास वर्मा यांनी या बोलीचं व्याकरण १९७० च्या सुमाराला सिद्ध केलं. बोलीचं नाव वागरीबोली. ती द्राविडी नाही, आर्यभाषांच्या कुळातली आहे. भोवती तमिळ बोलणारं सगळं जग, आणि यांच्या घरात 'तण्णी' नाही, 'पाणी' आहे. मराठी कानाला ती ओळखीची वाटते. पण भाषेच्या अभ्यासकांच्या लेखी तिची जवळीक मराठीपेक्षा गुजराती आणि राजस्थानी-भिली बोलींशी जास्त आहे. मराठी, तेलुगू, तमिळ शब्द तिच्यात वाटेवर येऊन मिळालेत.

ते स्वतःला म्हणतात वागरी. हा शब्द मात्र आपल्या परिचयाचा. संस्कृतात वागुरा म्हणजे जाळं, वागुरिक म्हणजे जाळं लावणारा पारधी. जुन्या मराठीत शिकारीच्या जाळ्याला वाघूर म्हणतात ते इथूनच. गुजरातेत वाघरी समाज आहे. महाराष्ट्रातले फासेपारधीसुद्धा आपल्या बोलीला वाघरी म्हणतात, आणि तीही गुजरातीच्याच अंगानं जाते. तेव्हा मरीनावर माळा विकणाऱ्या बाईचं सगळ्यात जवळचं नातं तंजावरच्या भोसल्यांशी नसून सोलापूर-धाराशिवकडच्या पारध्यांच्या पालाशी असावं, असं माझं मत आहे.

मग तमिळ लोकांनी त्यांना मराठी का म्हटलं? अहो, आपण सगळ्या दक्षिणेला 'मद्रासी' म्हटलं की नाही? केरळचा नायर मद्रासी, बेल्लारीचा कानडी मद्रासी. तसंच त्या काळच्या तमिळ माणसाला उत्तरेकडून घोड्यांच्या धुळीबरोबर आलेला, न कळणारी भाषा बोलणारा प्रत्येक जण मराठी वाटला असणार. आणि 'कुरवर' हे नावही असंच चिकटलेलं आहे. कुरवर ही तमिळ मुलुखातली फार जुनी डोंगराळ जमात, संगम साहित्यात येणारी. मुरुगनची बायको वळ्ळी ही कुरवरांची मुलगी. नरिकुरवरांचा तिच्या कुळाशी संबंध नाही, आणि खरे कुरवर 'हे आमचं नाव लावू नका' म्हणून तक्रारही करतात. म्हणजे बघा, तीन नावं, तिन्ही दुसऱ्यांनी दिलेली. स्वतःचं नाव कुणी विचारलंच नाही.

इथं युरोपातल्या जिप्सींकडे वळायला हवं, कारण त्यांचंही असंच झालं. पंधराव्या शतकात हे लोक पश्चिम युरोपात पोचले तेव्हा ते इजिप्तचे यात्रेकरू समजले गेले. इजिप्शियनवरून जिप्सी. ते स्वतःला म्हणतात रोमा. तीनेकशे वर्षं युरोप त्यांना इजिप्तचे समजत राहिला. मग १७८२ साली जर्मनीतल्या हाले शहरात योहान रूडिगर नावाच्या अभ्यासकानं एका रोमा बाईला काही वाक्यं तिच्या बोलीत सांगायला लावली आणि ती हिंदुस्तानीशी पडताळून पाहिली. व्याकरण जुळलं. पुढच्याच वर्षी ग्रेलमानचं पुस्तक आलं आणि रोमा भारतातून आले ही गोष्ट युरोपभर झाली.

पण हालेमध्ये बसलेल्या रूडिगरला हिंदुस्तानी कुठून येत होती? त्याच्यापाशी एक व्याकरण होतं, बेंजामिन शुल्त्स या मिशनऱ्याचं, १७४५ साली हालेत छापलेलं. आणि हे शुल्त्स १७२६ पासून १७४३ पर्यंत राहत होते मद्रासला! त्यांनी लिहिलेली हिंदुस्तानी म्हणजे इथल्या मुसलमान वस्तीतली दखनी. दखनीत आपला मराठी 'च' आहे, हे हैदराबादी बोलणं ऐकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. तेव्हा रोमांच्या भारतीय मुळाचा पहिला पुरावा ज्या तराजूत तोलला गेला, तो तराजू चेन्नईच्या बाजारातला होता. या शहरात त्याची पाटी कुठं लावलेली मी तरी पाहिली नाही.

रोमानीतले शब्द ऐका. पाण्याला पानी, नाकाला नाक, कानाला कान, माणसाला मनुश, काळ्याला कालो, सुरीला चुरी, दुधाला थुद, बहिणीला फेन, द्राक्षाला द्राख. मिठाला लोन. आपण मिठाला मीठ म्हणतो, पण लोणच्यात ते लोण शिल्लक आहे. आकडे येक, दुइ, त्रिन, श्तार, पांज असे चालतात, सहापर्यंत घरचे, आणि सात, आठ, नऊ मात्र ग्रीक. म्हणजे वाटेत ग्रीक बोलणाऱ्या मुलुखात मोठा मुक्काम पडला होता. कागदपत्र नसलेल्या माणसांचा प्रवास असा आकड्यांत लिहिलेला असतो. आनुवंशिक अभ्यासानंही पुढे तेच सांगितलं, की सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी हे लोक वायव्य भारतातून निघाले.

नरिकुरवर आणि रोमा एकच, असं मात्र म्हणू नका. इंग्रजी वर्तमानपत्रं सर्रास तसं लिहितात. दोघांच्या वाटा वेगळ्या, काळ वेगळा. सारखं आहे ते त्यांच्याशी इतरांचं वागणं.

आणि त्या वागण्यात एक गंमत आहे, कडवट गंमत. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश गृहस्थानं, जो आधी आरमारात डॉक्टर होता, केवळ हौसेखातर एक ऐटबाज घोडागाडी बांधून घेतली. नाव ठेवलं 'वाँडरर', भटक्या. तिच्यातच राहायचं, तिच्यातच स्वयंपाक, आणि गावोगाव फिरायचं. सुटीसाठी बांधलेली ही पहिली कॅरव्हॅन मानतात. त्याला आवडलं होतं ते जिप्सींचं जगणं. १९०७ साली तर इंग्लंडात कॅरव्हॅनवाल्यांचा क्लबच निघाला. ज्या देशात १५३० साली 'इजिप्शियनांना' हद्दपार करायचा कायदा झाला आणि १५५४ साली त्यांना देहदंडही ठरला, त्याच देशात साहेब सुटीपुरता जिप्सी होऊ लागला. आपणही मागे नाही. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं.

आणि इथं? स्टेबल्सची गाडी तयार होण्याच्या चौदा वर्षं आधी, १८७१ साली, इंग्रजांनी भारतात गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. सरकारनं अख्खी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, मूल जन्मलं की तेही त्याच यादीत. पोलिसांत हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. १९११ च्या कायद्यानं त्याचा अंमल मद्रास इलाख्यातही आला आणि कोरवांसारख्या जमातींवर त्याची कुऱ्हाड पडली. गुंटूरकडच्या स्टुअर्टपुरमची वसाहत तेव्हाची. आपल्या सोलापुरात काटेरी तारांच्या आतली वसाहत होती, तिला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं होऊन गेली होती.

सोलापूरचं नाव आलं म्हणून सांगतो. त्या तारांत कैकाडीही होते. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं, ते कैकाडी घरातलं. या कैकाड्यांची घरातली बोली मुळात तमिळच्या कुळातली आहे, आणि त्यांचं नातं इकडच्या कोरवांशी जोडतात. म्हणजे मांडणी कशी झाली पाहा. तमिळ मुलुखात एक भटकी जमात फिरते, तिला लोक रानमराठे म्हणतात. आणि महाराष्ट्रात टोपल्या विणत एक जमात फिरते, तिच्या चुलीपाशी तमिळसारखी भाषा बोलली जाते. राजे, सेनापती आणि पंडितांचा दक्षिणोत्तर इतिहास आपण शाळेत शिकलो. त्याच रस्त्यावरून दोन्ही दिशांना ही माणसंही चालत होती. त्यांच्यासाठी तंजावरसारखा वाडा कुठं नाही, म्हणून पर्यटकाला ती दिसत नाहीत.

वाडा नसेल, वही नसेल, तर ही माणसं आपलं मूळ ठेवतात कुठं? नरिकुरवरांचं उत्तर आहे गाठोडं. तमिळमध्ये सामी मूट्टै. सामी म्हणजे देव, आणि मूट्टै म्हटलं की आपली मोट आठवतेच. त्यात देवीची प्रतिमा असते आणि बळीच्या रक्तात भिजलेली जुनी वस्त्रं. ते बापाकडून मुलाकडे जातं. घराणी ओळखायची ती त्यावरून, कोणाची देवी रेडा घेते आणि कोणाची बकरा यावरून. थर्स्टनच्या नोंदीत देवीच्या धातूच्या पत्र्याविषयी एक गोष्ट आहे. अडचणीच्या वेळी हे लोक तो पत्रा गहाण टाकत, आणि सावकार त्यावर भरपूर पैसे देत. कारण सावकाराला पक्कं ठाऊक होतं, की हा माणूस उपाशी राहील, पण देवी सोडवल्याशिवाय राहणार नाही. ज्यांना सरकार आणि समाज चोर समजत होता, त्यांच्या शब्दावर सावकार कर्ज देत होता. मला थर्स्टनच्या सातही खंडांत यापेक्षा मोलाची नोंद आढळली नाही.

युरोपात मूळ लपवायची वेळ आली. चार्ली चॅप्लिनची गोष्ट सांगतो. त्यानं १९६४ च्या आत्मचरित्रात लिहिलंय, की त्याची आजी अर्धी जिप्सी होती आणि घरात ही गोष्ट झाकून ठेवलेली असे. १९७७ साली तो गेला. त्याच्या मेजाचा एक कप्पा कुलूपबंद होता. नंतर त्याच्या मुलीनं तो उघडवला, तर आत एक पत्र निघालं. कुणा अनोळखी माणसानं लिहिलं होतं, की तुझा जन्म लंडनमध्ये झालेला नाही, बर्मिंगहॅमजवळच्या ब्लॅक पॅच या जिप्सींच्या तळावर, एका गाडीत झालाय. पत्रातलं खरं की खोटं हे सिद्ध झालेलं नाही. पण जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध माणसानं ते फाडलं नाही, कुलपात ठेवलं. आता इंग्लंडात अनेक जण जुन्या खानेसुमारीत आपल्या घराण्यातलं जिप्सी रक्त हौसेनं शोधतात, जूनमधल्या ॲपलबीच्या घोडेबाजाराला सहकुटुंब जातात.

ही हौस परवडते, कारण आता तिची किंमत मोजावी लागत नाही. नाझी जर्मनीत रॉबर्ट रिटर नावाच्या डॉक्टरानं १९३६ पासून जिप्सींच्या वंशावळी जमवल्या. त्याची माणसं तळांवर जाऊन प्रेमानं आजीआजोबांची नावं विचारत. जवळजवळ २४ हजार माणसांची अशी टिपणं तयार झाली, आणि छळछावण्यांत कोणाला पाठवायचं हे ठरवताना ती उपयोगी पडली. म्हणून म्हणतो, 'तुमचं मूळ गाव कोणतं?' हा आपला आवडता प्रश्न विचारणारा कोण आणि ऐकणारा कोण, यावर त्याचा अर्थ ठरतो.

आपल्याकडे तो प्रश्न दाखल्यासाठी विचारला जातो. १९६५ च्या लोकूर समितीनं नरिकुरवरांना अनुसूचित जमातींच्या यादीत घ्यावं असं सुचवलं होतं. ते झालं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, ती व्हायलाच हवी होती, पण शिकारीवर पोट असलेल्यांचं पुढे काय, याचा विचार कुणी केला नाही. कोल्हा गेला आणि मणी आले. तेव्हापासून ही माणसं जत्रांच्या पाठीवर फिरतात. ऑगस्ट-सप्टेंबरात वेलांकण्णी, कार्तिकात तिरुवण्णामलै, पुढे शबरीमला. आपल्या सुट्या हा त्यांचा हंगाम.

मधल्या काळात दिल्लीला दूरचे नातलग मात्र आठवत होते. चंदीगडला डब्ल्यू. आर. ऋषी या राजनैतिक अधिकाऱ्यानं रोमांच्या अभ्यासाची संस्था काढली, १९७६ साली तिथं रोमा महोत्सव भरला, १९८३ च्या महोत्सवाचं उद्घाटन इंदिरा गांधींनी केलं. २०१६ साली दिल्लीतल्या परिषदेत सुषमा स्वराज यांनी रोमांना भारताची लेकरं म्हटलं. मला या सगळ्याचा आनंदच आहे. फक्त या चाळीस वर्षांत लोकूर समितीचा कागद तिथंच पडून होता, आणि पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमात असताना त्यांच्या बोलीभाऊबंदांना तमिळनाडूत तो दाखला मिळत नव्हता. तिथं ते 'अतिमागास' वर्गात मोडत. आपल्या कैकाड्यांचंही तसंच, विदर्भात अनुसूचित जातीत आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. भटक्याला हद्द नसते, त्याच्या दाखल्याला असते.

२०२१ च्या ऑक्टोबरात महाबलीपुरमच्या एका देवळात अन्नदानाच्या पंगतीतून नरिकुरवर बाईला उठवल्याची चित्रफीत सगळीकडे पसरली. ती गप्प बसली नाही, कॅमेऱ्यासमोर खणखणीत बोलली. मग मंत्र्यांनी तिला शेजारी बसवून जेवण घेतलं, आणि दिवाळीच्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, मुख्यमंत्री स्टालिन महाबलीपुरमजवळच्या पूंजेरी वस्तीत जाऊन घरांचे पट्टे आणि दाखले वाटून आले. २०२२ च्या डिसेंबरात संसदेनं विधेयक मंजूर केलं आणि २०२३ च्या जानेवारीत कायदा झाला. नरिकोरवन आणि कुरुविक्कारन ही दोन नावं तमिळनाडूच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गेली. लोकूर समितीला तोवर ५७ वर्षं झाली होती. यादीतही नाव आलं ते दुसऱ्यांनी ठेवलेलंच. वागरी हा शब्द तिथं ठळकपणे नाही.

त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात, ३० मार्च २०२३ ला, चेन्नईत कोयंबेडूच्या एका चित्रपटगृहात नवा तमिळ सिनेमा लागला होता. एक नरिकुरवर कुटुंब पोराबाळांसह सकाळच्या खेळाला आलं. त्यांच्या हातात तिकिटं होती, पैसे देऊन काढलेली. दारावरच्या माणसानं त्यांना आत सोडलं नाही. बाकीच्या प्रेक्षकांतल्या कुणीतरी फोनवर ते टिपलं आणि दारावरच्या माणसाशी भांडायला सुरुवात केली. चित्रपटगृहानं सांगितलं, की सिनेमा बारा वर्षांखालच्या मुलांसाठी नव्हता म्हणून अडवलं. गर्दी वाढली, आरडाओरडा झाला, आणि शेवटी त्या कुटुंबाला आत बसवण्यात आलं.